घरची तसबीर

आपल्याकडील जुन्या घरांत कुळाची ओळख दोन ठिकाणीं सांपडते : एक भाटाच्या चोपडींत आणि दुसरी माजघराच्या भिंतीवर. चोपडींत नांवें असतात, भिंतीवर चेहरे असतात. नांवांची परंपरा पांच-सात पिढ्या सहज मागें जाते. चेहऱ्यांची मात्र दोन-तीन पिढ्यांतच खुंटते. कारण उघड आहे. नांव मुखानें मुखास देतां येतें. चेहरा कागदावर उतरावा लागतो, आणि तो कागद टिकावा लागतो. हे कागद कोणी केले, कसे केले, कोणते टिकले आणि कोणते नासले, हा इतिहास राजांच्या व लढायांच्या इतिहासाइतका गाजलेला नाहीं. परंतु घरोघरच्या माणसांना तो अधिक जवळचा आहे. त्याची थोडीशी चर्चा वाचकांपुढें मांडावी, असा आमचा हेतु आहे.

या चर्चेस निमित्त झालें तें आमच्या गांवच्या पुराचें. वसमत तालुक्यांतील कुरुंदा हें आमचें मूळ गांव. अध्यापनाच्या निमित्तानें आमचें वास्तव्य नांदेडास असलें, तरी घरचे देव आणि घरच्या तसबिरी कुरुंद्यासच होत्या. २०२२ च्या जुलै महिन्यांत आसना नदीचें पाणी गांवांत शिरलें, तेव्हां तें आमच्या माजघरांतहि आलें. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलों, तों तीन तसबिरी भिंतीवरून निखळून चिखलांत पडलेल्या आढळल्या : एक छापील लक्ष्मीची, दुसरी आजोबांची व तिसरी आमच्या मातोश्रींची. लक्ष्मीच्या कागदाचा लगदा झाला होता. आजोबांची तसबीर तिघींत जुनी, सुमारें ऐंशी वर्षांची, काळ्या-पांढऱ्या ब्रोमाइड कागदावरची. ती कांचेस चिकटून बसली होती. कांचेसकट थंड पाण्याच्या परातींत ठेवल्यावर ती हळूहळू सुटली, आणि सावलींत उताणी वाळविल्यावर आजोबांचा चेहरा जसाच्या तसा परत आला. मातोश्रींची तसबीर सर्वांत नवी. ती आम्हींच कांहीं वर्षांपूर्वीं घरच्या लहानशा प्रिंटरवर काढली होती. तिच्यावर चेहरा राहिलाच नव्हता. निळा, जांभळा व पिवळा असा एक ओघळ तेवढा कागदावर उरला होता.

विद्या पुढें जात असतां तिचें फळ मागें कसें गेलें, हा प्रश्न त्या दिवशीं मनांत आला तो सुटेना. त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

छायाचित्राचा जन्म १८३९ सालचा. त्या वर्षीं पॅरिस येथें दागेर याची कृति जाहीर झाली. तींत रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. तें अप्रतिम असे, पण एकुलतें एक असे. त्याची नक्कल निघत नसे. इंग्लंडांतील टॅल्बट यानें १८४१ सालीं ज्या कृतीचें पेटंट घेतलें, तींत प्रथम उलटें चित्र, म्हणजे जेथें उजेड तेथें काळोख असें, घ्यावयाचें व त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढावयाच्या, अशी योजना होती. आपण ज्यास 'प्रिंट' म्हणतों त्याचा खरा आरंभ हा. पुढें १८५० सालीं फ्रान्समधील ब्लांकार-एव्रार यानें अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद प्रचारांत आणला, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभर त्याच कागदाचें राज्य होतें.

ही विद्या मुंबईस येण्यास विलंब लागला नाहीं. लंडनची छायाचित्रण-संस्था १८५३ ची आणि मुंबईची १८५४ ची. मुंबईच्या संस्थेंत डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी होते. स्वतः वैद्य असून त्यांनीं या कलेंत लौकिक मिळविला. हरिचंद चिंतामण यांनीं तर तोच व्यवसाय पत्करला. १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन या दोघांनीं मुंबईंत छायाचित्रांचें एक नियतकालिक चालविलें. त्यांत छापील चित्रें नसत, खरीं छायाचित्रेंच चिकटविलेलीं असत.

त्या काळीं प्रत काढण्याची रीत आमच्या वाचक भगिनींना परकी वाटणार नाहीं. मीठ घालून घुसळलेला बलक कागदास लावावा, कागद वाळवावा, अंधाऱ्या खोलींत तो रुप्याच्या क्षाराच्या पाण्यावर तरंगवावा, पुन्हां वाळवावा, कांचेवरील उलट्या चित्राखालीं दाबून उन्हांत ठेवावा, आणि मधून मधून उचलून रंग कितपत आला तें पाहावें. नंतर सोन्याच्या क्षारानें त्यास चढण द्यावी, हायपोच्या पाण्यानें तो पक्का करावा व पुष्कळ वेळ धुवावा. यांत दिवा नाहीं, वीज नाहीं. गच्चीवर वाळवण घालण्यासारखा हा उन्हाचा उद्योग. थोडक्यांत म्हणजे छायाचित्राची प्रत हा आरंभीं हौशी माणसाच्या घरचा पदार्थ होता. धुण्यांत आळस झाला कीं तो पिवळा पडे. म्हणजे टिकाऊपणाची जबाबदारीहि घरच्याच माणसावर असे.

मात्र या रीतींत एक मोठी अडचण होती. कागद कांचेस चिकटून छापावयाचा, म्हणून जेवढी कांच तेवढेंच चित्र. भिंतीजोगें चित्र हवें असेल तर कॅमेराच तेवढा मोठा पाहिजे. अर्थात् मोठी तसबीर ही राजेलोकांची वस्तु राहिली. कुरुंदा तेव्हां निजामच्या राज्यांत होतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें तेथेंच राहिलें. त्या राज्यांत लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होऊन गेला. सहावे निजाम महबूब अली खान यांनीं त्यांस राजा ही पदवी दिली. १८९२ सालीं हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठीं त्यांचा निराळा स्टुडिओ निघाला, आणि १८९६ सालीं मुंबईसहि त्यांनीं शाखा उघडली. त्यांच्या कांचा मोठ्या, प्रती नितळ. परंतु राजधानींतील उमरावांच्या स्त्रियांचे चेहरे आज पाहावयास मिळतात, आणि त्याच राज्यांतील आमच्या पणजीचा चेहरा कोणास ठाऊक नाहीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

आमच्यासारख्यांच्या भिंतींवर माणसांच्या आधीं देव आले. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पुण्यास चित्रशाळा काढण्यांत पुढाकार घेतला. १८९४ सालीं राजा रविवर्म्यानें मुंबईस छापखाना काढला. दगडावरून अनेक रंगांत छापलेल्या या तसबिरींनीं लक्ष्मी-सरस्वती गरिबाच्या घरीं नेल्या. पुरांत गेलेली आमची लक्ष्मी त्याच परंपरेंतील. माणसांची पाळी आली ती ब्रोमाइड कागदामुळें. हा कागद इतका तरल, कीं त्यास ऊन लागेना, दिव्याचा उजेड पुरे होई. म्हणून लहान कांचेवरील चित्र भिंगांतून मोठें करून कागदावर पाडतां येऊं लागलें. जत्रेंत काढलेल्या चार बोटांच्या चित्रावरून हातभर तसबीर निघूं लागली. ती पुसट असे, म्हणून तीवर कुंचला चालवीत. आमच्या आजोबांच्या अंगांत एक झोकदार कोट होता. तो त्यांनीं जन्मांत घातला नव्हता, कारागिरानें कुंचल्यानें शिवला होता. पुराच्या पाण्यानें तो कोट बराचसा धुऊन नेला आणि आंतला साधा सदरा दिसूं लागला. चेहरा मात्र हलला नाहीं. कारण चेहरा रुप्याच्या सूक्ष्म कणांचा होता आणि ते कण जिलेटिनच्या थरांत रुतलेले होते. पाण्यानें तो थर फुगला, सुकला, आणि कण होते तेथेंच राहिले.

यानंतर रंग आले आणि चित्र घराबाहेर गेलें. काळ्या-पांढऱ्या प्रती हौशी मनुष्य न्हाणीघरांत लाल दिवा लावून काढूं शके. रंगीत प्रतीस औषधें अनेक, आणि त्यांची उष्णता अर्ध्या अंशानें चुकली तरी रंग बिघडे. म्हणून रंगीत प्रत प्रयोगशाळेंतील यंत्राकडे गेली. आपण रीळ द्यावें, पैसे द्यावे व पाकीट घेऊन यावें. त्या प्रतींत रुपें शेवटीं धुऊन टाकलेलें असे. उरत तीं नुसतीं रंगद्रव्यें, आणि तीं काळाबरोबर विझत. १९७० ते १९९० च्या दरम्यानचीं लग्नाचीं चित्रें ज्यांच्या घरीं आहेत त्यांनीं तीं काढून पाहावीं : शालू, फेटे आणि आकाश, सर्वांवर एकच तांबूस छटा चढलेली दिसेल. निळसर द्रव्य आधीं गेलें, तांबडें मागें राहिलें.

शाईचे थेंब फवारून चित्र काढणारें यंत्र ही या कथेंतील पुढची पायरी. १९९० च्या सुमारास अमेरिकेंत ग्रॅहम नॅश या गायकानें मुद्रणालयांत नमुने पाहण्यासाठीं केलेलें आयरिस नांवाचें मोठें यंत्र घेतलें व त्यावर आपलीं छायाचित्रें काढलीं. प्रती देखण्या निघाल्या. पण शाया विरघळणाऱ्या रंगांच्या, त्या उजेडांत उडत. २००० च्या सुमारास पिगमेंटच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांच्या, शाया घरगुती यंत्रांतहि आल्या. पुढें सतरा व चोवीस इंच रुंदीचीं यंत्रें टेबलावर मावूं लागलीं, आणि दीडशें वर्षांपूर्वीं गच्चीवरच्या उन्हांत असलेली मोठी प्रत पुन्हां घरीं आली.

विरघळणारा रंग व कणांचा रंग यांतील भेद वसमतच्या बाजूच्या माणसास शिकवावा लागत नाहीं. हळद हें आमच्या तालुक्याचें पीक. हळदीचा डाग कपड्यास पडला तर तो धुण्यानें सहसा जात नाहीं, पण कपडा चार दिवस उन्हांत घातला कीं उडतो. उलट भिंतीवरचा गेरू वर्षानुवर्षें ऊन खातो आणि गेरूच राहतो. हळद हा रंग धाग्यांत मुरतो; गेरू ही माती, तिचे कण वर बसतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं गेरू, पिवळी माती आणि काजळी वापरली; आमच्या पोथ्या काजळीच्या शाईनें लिहिल्या गेल्या. तीं चित्रें आणि त्या पोथ्या टिकण्याचें एक मोठें कारण हेंच. आमच्या लहान प्रिंटरांतली शाई हळदीच्या जातीची होती, आणि तिच्यावर तर पाण्याचीहि सत्ता चालत होती. मातोश्रींचा चेहरा पुरानें नेला असें आम्ही म्हणत होतों. खरें पाहतां तो आम्हींच पाण्यावर लिहिला होता.

सुदैवानें मूळ चित्र नांदेडास आमच्या भगिनीजवळ होतें : १९८५ च्या सुमाराचें, साडेतीन बाय पांच इंचांचें, तांबूस झालेलें. त्यावरून पुन्हां, आणि या वेळीं नीट, मोठी प्रत काढावयाची असें ठरवून आम्हीं सतरा इंच रुंदीचें पिगमेंट शाईचें यंत्र घेतलें. हिशेब असा. मूळ चित्र इंचास ६०० ठिपके या मापानें स्कॅन केलें म्हणजे २१०० बाय ३००० ठिपके मिळतात. चौदा बाय वीस इंचांवर तेच पसरले तर इंचास १५० पडतात. हातांत धरून पाहण्याच्या चित्रास ३०० हवेत. चार हातांवरून पाहावयाच्या तसबिरीस १५० पुरतात. त्याहून मोठी तसबीर करण्याचा मोह आम्हीं आवरला. कारण ६०० च्या पुढें स्कॅनर चेहरा वाचीत नाहीं, जुन्या कागदाची कातडी वाचतो.

तरी पहिल्या तीन प्रती फुकट गेल्या, आणि प्रत्येकीनें कांहीं शिकविलें. पहिली काळवंडली. संगणकाचा पडदा स्वतः उजळतो, कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. आमचा पडदा फार प्रखर ठेवलेला होता, म्हणून जें तेथें नीट दिसलें तें कागदावर अंधारलें. पडदा मापकानें मोजून चौरस मीटरास शंभर कॅन्डेलाच्या आसपास आणल्यावर डोळा व कागद यांचें पटूं लागलें. दुसरी प्रत किरमिजी निघाली. कारण रंगांची दुरुस्ती चित्राच्या सॉफ्टवेअरनेंहि केली आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरनेंहि केली. दोन सुनांनीं एकाच आमटींत मीठ घालावें, तशांतली ही गत. प्रत्येक जातीच्या कागदास त्याच्यापुरतें प्रोफाईल, म्हणजे त्या कागदावर कोणती शाई कशी दिसते याचा तक्ता, असतो. तो एकाच ठिकाणीं लावावा व दुसरीकडची दुरुस्ती बंद ठेवावी. तिसऱ्या प्रतींत आडव्या पांढऱ्या रेघा आल्या. मे महिना होता, खोलींतील हवा भट्टीसारखी कोरडी, आणि शाईचीं सूक्ष्म छिद्रें सुकून बसलीं होतीं. या छिद्रांतून पडणारा थेंब दोन-चार पिकोलिटरांचा असतो, आणि एका लिटरांत असे एक लक्ष कोटि पिकोलिटर मावतात. तेव्हां एवढ्या अरुंद वाटेस आमचा उन्हाळा मानवावा कसा? आतां आठवड्यांतून एकदां एखादें लहान चित्र काढून वाट मोकळी ठेवतों. पावसाळ्यांत उलट : कागद दमट होऊन त्याच्या कडा उचलतात व यंत्राच्या तोंडास घासतात, म्हणून तो पिशवींत बंद व सपाट ठेवावा लागतो.

कागद आम्हीं कापसाचा घेतला. लांकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदांतील आम्ल त्यास पिवळें करतें, आणि फार पांढरा दिसणारा कागद बहुधा चकाकी देणाऱ्या द्रव्यानें पांढरा केलेला असतो. तें द्रव्य विझलें म्हणजे कागद म्हातारा होतो. पूर्ण तावावर छापण्याआधीं चेहऱ्याची चार बोटें रुंदीची पट्टी छापून ती दिवसाच्या उजेडांत पाहण्याची जुनी रीत आम्ही पुन्हां पाळूं लागलों. ती लाल दिव्याच्या काळांतील आहे, पण यंत्र बदलल्यानें तिचा उपयोग कमी झालेला नाहीं. प्रत निघाल्यावर ती एक दिवस उघडी सुकूं द्यावी, आणि चौकटींत कांच व कागद यांमध्यें पुठ्ठ्याची पट्टी घालून अंतर ठेवावें. आजोबा कांचेस चिकटले, तें हें अंतर नव्हतें म्हणून.

आतां शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. तांबूस झालेलें चित्र सुधारण्यासाठीं आमच्या एका विद्यार्थ्यानें तें कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास दिलें. क्षणांत चित्र स्वच्छ झालें. कातडी नितळ, डोळे पाणीदार, लुगडें गडद निळें. आम्ही संतुष्ट झालों. चित्र कुरुंद्यास आमच्या आत्याबाईंस दाखविलें. वय नव्वदीकडे झुकलेलें, त्यांनीं कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, आणि म्हणाल्या, "ही कोण रे? ही आपली वहिनी नव्हे. वहिनीच्या कपाळावर देवीचा वण होता. आणि लुगडें हिरवें." आम्हीं मूळ चित्र भिंगाखालीं धरलें. वण होता. यंत्रानें तो डाग समजून पुसला होता.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून मोठी चपराक नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध करण्याचा जो प्रचंड उद्योग केला, त्याच्या मुळाशीं एकच आग्रह होता : अस्सल काय व मागाहून घातलेलें काय हें आधीं पाहा. कागदपत्रांविषयीं हा धडा आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवितों, आणि आईच्या चेहऱ्याविषयीं तोच विसरलों. आजोबांचा कोट शिवणारा कारागीर निदान चेहऱ्यास हात लावीत नसे. नवा कारागीर चेहराच नवा करतो.

अजिंठ्याच्या नकलांची हकीकत या ठिकाणीं आठवते. रॉबर्ट गिल यानें अनेक वर्षें खपून काढलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसांत जळाल्या. नंतर ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याहि पुष्कळ १८८५ सालीं लंडनांतच आगींत गेल्या. पुढें निजाम सरकारच्या आश्रयानें गुलाम यझदानी यांनीं १९३० ते १९५५ या काळांत छायाचित्रांच्या आधारें अजिंठ्याचे चार भाग प्रसिद्ध केले. नकला जळाल्या तरी लेणें जागेवर होतें, म्हणून तीनदां आरंभ करतां आला. आमच्या घरांतील चेहऱ्यांस असें लेणें नाहीं. तेथें मूळ माणूस गेलेलें असतें, आणि नक्कल हेंच मूळ होऊन बसतें. म्हणून गांवच्या चौकांत फ्लेक्सवर श्रद्धांजलीचा जो भला मोठा चेहरा झळकतो त्याचें काम पंधरा दिवसांचें. त्याच्यांत कांहीं बदललें तरी पावसाबरोबर तें जाईल. भिंतीवरच्या तसबिरींत जो बदल होईल, तो नातवंडांस खरा वाटेल.

आम्हीं पुन्हां स्कॅनपासून आरंभ केला. निघून गेलेला निळसर भाग तेवढा हळूहळू भरून आणला, लुगडें आपोआप हिरवें होऊन आलें, आणि वणास हात लावला नाहीं. चित्र थोडें पुसट आहे. १९८५ सालचा तो साधा कॅमेरा जेवढें पाहूं शकला तेवढेंच त्यांत आहे. अशा दोन प्रती काढल्या; एक नांदेडास ठेवली, एक कुरुंद्यास नेली. आत्याबाईंनीं ती पाहिली, कांहीं बोलल्या नाहींत, आणि चौकटीची कांच पदरानें पुसली.

जुने पोथीलेखक शेवटच्या पानावर आपलें नांव, तिथि आणि जसें पाहिलें तसें लिहिलें एवढी ग्वाही लिहून ठेवीत. आम्हींहि तसबिरीच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें मातोश्रींचें नांव, मूळ चित्राचें साल, नकलेचें साल आणि कागद-शाईची जात लिहिली; खालीं एवढेंच लिहिलें, कीं रंग भरून आणला आहे, चेहऱ्यांत कांहीं घातलेलें नाहीं. नंतर पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर जेथें अजून दिसते, तिच्या हातभर वर खिळा ठोकला.